वरची शाळा की खालची

३ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बदलीचा हुकूम आला. जूनपासून वजनमापे खात्याच्या तुझ्या गावच्या कचेरीत मी हजर होणार. तुला आनंद होईल, तिथल्या दुकानदारांना होणार नाही.

प्रश्न आहे बिट्टीच्या नववीचा. तुमच्याकडे सरकारी हायस्कुलं दोन, टेकडीवरचं आणि बस डेपोमागचं, आणि आपल्या गल्लीतून दोन्हीकडे प्रवेश मिळतो. अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरायचा आहे. तू दोन्ही शाळा स्वतः पाहून ये. दहावीचा निकाल, प्रयोगशाळा, ग्रंथालय, एका वर्गात मुलं किती, सगळं विचार. सोबत प्रश्नांचा कागद जोडलाय. ‘शाळा छान आहे हो’ असलं मोघम काही लिहू नकोस.

बिट्टीचं बोलणं अजून अडतं. इथल्या वर्गात तिचा शब्द अडला की मागच्या बाकावरून चार जण तो पुरा करतात आणि सगळा वर्ग हसतो. वर्षभर पोरीने वर्गात तोंड उघडलेलं नाही. मी रोज संध्याकाळी स्टॉपवॉच लावून तिच्याकडून एक परिच्छेद वाचून घेतो, पण वेळ काही कमी होत नाही. आता सगळी भिस्त चांगल्या शाळेवर. फार काळजी वाटते गं.

लोभ आहेच, तो मापात भरत राहो.
तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा कागद घेऊन आधी टेकडीवर गेले. सकाळचा गारठा, म्हणून अंगात माझा कंडक्टरचा जुना खाकी कोट. निवृत्त झाले तरी तो टाकवत नाही. हातात कागद, खिशात पेन. फाटकावरच्या शिपायाने मला पाहिलं आणि आत धूम ठोकली. मुख्याध्यापक स्वतः पायऱ्या उतरून आले. मी कोण हे सांगायच्या आत खुर्ची, चहा आणि बिस्किटं हजर. कुठली तरी तपासणी व्हायची होती म्हणे, आणि ती मीच असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मी सांगायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू? पण तिथे सगळे भलतेच चलाख. माझं वाक्य निम्मं होतंय तोच उरलेलं ते बोलून मोकळे. मी म्हटलं की माझ्या भावाची मुलगी, तर ते म्हणाले की मुलींसाठी स्वतंत्र खोली आहे, या दाखवतो. शेवटी मी गप्प बसून सगळं बघून घेतलं. प्रयोगशाळा आरशासारखी लख्ख, ग्रंथालयात पुस्तकं काचेआड, निकाल जवळजवळ शंभर टक्के. निघताना शेऱ्यांची वही पुढे आली. मी ‘स्वच्छता उत्तम’ लिहून सही ठोकली. चहाला तरी जागायला हवं ना!

मग डेपोमागे गेले. तिथे माझ्याकडे कुत्रंही फिरकलं नाही. मधली सुट्टी संपत होती, जिन्यात पोरांची ही रेटारेटी. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं की पुढे सरका, पुढे जागा आहे! सगळा जिना निमूट वर सरकला, त्यात गणिताचे एक सरही होते. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला एक हात नाही. निकाल बेताचा. पुस्तकं फाटलेली, पण वाचून वाचून फाटलेली.

बाकी ठीक. वहिनीला आशीर्वाद, बिट्टीला पापा. माया आहे म्हणून उन्हातान्हात हिंडले, विसरू नकोस.
आक्का

१६ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. नमस्कार.

तोतया अधिकारी म्हणून तुला धरली असती तर मी खात्यात कुठल्या तोंडाने गेलो असतो? माहिती मात्र उत्तम. वरची शाळा नक्की. अर्ज भरून ठेवलाय, पहिल्या तारखेला टाकतो. हात नसलेल्या सांगाड्यावर माझी मुलगी काय शिकणार?

रागावलोय, तरी लोभ तसाच आहे.
धाकटा

१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र बाबांना न सांगता टाकतेय. बोलताना अडतं, लिहिताना अजिबात नाही, म्हणून लिहून विचारते. बाबांच्या कागदात एक प्रश्न राहिलाय. एखाद्याचा शब्द अडला, तर तिथली माणसं काय करतात? एवढं बघून येशील? मग म्हणशील त्या शाळेत जाईन.

तुझा कोट मला फार आवडतो. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
बिट्टी

२५ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

वाचून झालं की हे पत्र बाबाच्या हातात दे. रागावला तर माझ्याकडे पाठव.

तुझा प्रश्न वाचून रडू आलं आणि मग डोकं चालू लागलं. कोट घरी ठेवला, साडीवर शाल घेतली आणि दोन्हीकडे अडखळत बोलायचं ठरवलं. भरल्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवलेली बाई मी, आरशासमोर अडखळायचा सराव करत होते. शेजारीण डॉक्टरला बोलवायला निघाली होती.

टेकडीवरच्या कारकुनाला मी म्हटलं की मला प्र... प्र... तो म्हणाला, प्रमाणपत्र का? मी नाही म्हणून मान हलवली. मग प्रयोगशाळा? मग प्रसाधनगृह? प्रवेश सोडून सगळं त्याने सुचवलं आणि शेवटी कंटाळून मला त्या प्रसाधनगृहाच्या दारात नेऊन सोडलं. माणूस वाईट नव्हता गं, त्याला फक्त फार घाई होती. आणि कोट नसताना मला तिथे कोणी ओळखलंही नाही.

खालच्या शाळेत शिपाई भेटला. मी प्र... म्हणून थांबले. तोही थांबला. स्टूल पुढे केलं, स्वतः पायरीवर टेकला. तास संपला तसा उठून घंटा वाजवून आला, परत बसला आणि म्हणाला की हं, बोला बाई, सावकाश होऊ द्या. त्याच्या तोंडाकडे बघून मला माझ्या नाटकाची इतकी लाज वाटली की खरंच शब्द फुटेना. तेवढ्यात वरून ते गणिताचे सर उतरले. बाई बोलतायत हे बघून तेही शेजारी उभे राहिले. दोघांची माफी मागून खरं काय ते सांगितलं. सर हसले आणि म्हणाले की तुम्ही परवाच्या ‘पुढे सरका’वाल्या ना?

मोजमाप तुझ्या बाबाचं, पण माणसं ओळखणारं नाक माझं. मी खालची म्हणते.

अशीच लिहीत राहा, मला बरं वाटतं.
आत्या

२ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर धुमसत होतो. काल कचेरीत तराजू तपासत होतो. पारडं स्थिर होईपर्यंत आम्ही काटा वाचत नाही, घाई केली तर माप चुकतं. नोकरीत हे रोज पाळतो आणि घरी पोरीसमोर घड्याळ धरून बसतो. वरचा अर्ज फाडला, खालचा टाकला. काळजी अजून आहेच.

माझा कामाचा ताबा देणं जुलैपर्यंत लांबलंय. मायलेकी जूनमध्ये पुढे येतील. तुझ्या पदराखाली घे.
धाकटा

१९ जून

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही शाळा कशी आहे ते विचारलंत. सांगाड्याला दुसरा हातही राहिलेला नाही. ग्रंथालयातली पुस्तकं घरी देतात. शिपाईकाका मला बघून आत्याच्या ‘पुढे सरका’ची नक्कल करतात.

काल प्रार्थनेनंतर बातम्या वाचायची माझी पाळी होती. आई म्हणाली होती की नको असेल तर चिठ्ठी देते. मी चिठ्ठी घेतली नाही. पहिल्याच ओळीत मी अडले. आता कोणीतरी शब्द पुरा करणार म्हणून मी मान खाली घातली. कोणीच केला नाही. मी पुढे वाचलं, पुन्हा अडले, पुन्हा वाचलं. शेवटच्या बातमीपर्यंत पोचले तेव्हा गणिताचा अख्खा तास बुडाला होता.

वर्गात गेल्यावर टाळ्याच टाळ्या. त्या तासाला गणिताची चाचणी होती म्हणे! आता सगळ्यांनी ठरवलंय की बातम्या रोज मीच वाचायच्या. चिडवतायत हे मला कळतं, पण बाबा, असं चिडवलेलं चालतं. गणिताचे सर म्हणाले की उद्याही तूच वाच, फक्त बातम्या जरा छोट्या निवड. मी लांबलचक निवडल्यात.

वेळ किती लागला हे विचारू नका. इथे कोणी घड्याळ लावलंच नव्हतं.

लवकर या. मला तुम्हाला खूप काही सांगायचंय, तोंडाने.
तुमची बिट्टी