झाकण वेगळं मिळेल

३ फेब्रुवारी

आज आमच्या डबीचं झाकण गेलं. आणि ते घालवलं मी! माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

मीटिंग विक्रीसाठी होती. स्वयंपाकघरात गॅस गळायला लागला की ओरडणारी डबी — दोन वर्षं तिच्यावर काम चाललंय, आता विकायची. नियम बघणं माझं काम, म्हणून मी माझं नेहमीचं रडगाणं गायले. विकायची तर आधी चाचणीच्या लॅबमध्ये न्यावी लागेल. ती आजूबाजूच्या यंत्रांना त्रास देते का, आजूबाजूची यंत्रं तिला त्रास देतात का, हे तिथे बघतील. मग शिक्का. मग विक्री. लॅबची तारीख अर्ध्या वर्षानंतरची. खर्चाचा आकडा ऐकून मालकांनी चहाचा कप खाली ठेवला.

मग त्यांनी विचारलं, होईलरावच्या टेबलावर एवढे सर्किट बोर्ड उघडे पडलेले असतात, त्यांच्यावर कुठे शिक्का आहे? होईलराव म्हणजे आमचा डिझायनर. काहीही विचारा, तो ‘होईल’ म्हणतो. मी समजावून सांगितलं — ते डेव्हलपमेंट बोर्ड. इंजिनिअरनं इंजिनिअरसाठी बनवलेले, प्रयोगशाळेत जोडून-तोडून बघायला. त्यांना चाचणी माफ. एवढ्यावर थांबावं ना! वर शहाणपणा करून म्हटलं, ‘झाकण लावलं की ती वस्तू. झाकण नसेल तर नुसता बोर्ड.’

मालकांनी डबी उचलली, चारही स्क्रू स्वतः काढले आणि झाकण माझ्यासमोर ठेवलं.

‘झाला बोर्ड,’ म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतायत.

४ फेब्रुवारी

गंमत नव्हती.

६ फेब्रुवारी

दिवसभर बोर्डाबरोबर जाणारा कागद लिहिला. ‘हे तयार उत्पादन नाही. केवळ प्रशिक्षित व्यक्तींनी प्रयोगशाळेत वापरावे. घरगुती वापरासाठी नाही.’ कुठेही फट ठेवली नाही. मालकांनी दोनदा वाचलं आणि ‘सुंदर’ म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्या लिखाणाला मिळालेली पहिली दाद.

आता झाकणांचं काय? साचा बनवून झालाय, गोदामात झाकणांचे ढीग लागलेत. तर झाकण वेगळं विकायचं. नाव — ‘बहुउपयोगी प्लास्टिक झाकण’. हे कशावरही बसतं. त्याची चार भोकं बोर्डाच्या चार भोकांवर येतात हा योगायोग, आणि योगायोगाला नियम लागू होत नाही. कशावरही बसणाऱ्या झाकणावर ‘गॅस’ असं ठळक का छापलंय, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

घरी सांगितलं तर नवरा हसत सुटला. म्हणे, शर्ट आणि पँट वेगवेगळी विकली की माणूस उघडाच का? मी म्हटलं, हसू नकोस. मी तरी कोण आहे? नोकरीला लागले तेव्हापासून माझ्या पत्रावर ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असंच आहे. म्हणून हक्काची रजा नाही, आजारपणाचा खर्च नाही. मला कुठला नियम लागू आहे! मलाही झाकण नाही.

१३ फेब्रुवारी

विक्री जोरात. विकत घेताना ‘मी प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे’ या चौकोनात खूण करावी लागते. आजवर एकानंही ती खूण टाळलेली नाही. आपल्या आजूबाजूला इतके तंत्रज्ञ राहतात याची मला कल्पना नव्हती.

हे तंत्रज्ञ मला फोन करतात. एकानं विचारलं, याची वरची बाजू कुठली. एकीनं विचारलं, तेलकट झाला की पाण्याखाली धरला तर चालेल का. एक बिचारी प्रामाणिक होती. तिनं विचारलं, माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, स्वयंपाकघरच आहे, तर लावू ना? मी कागद समोर धरला आणि वाचून दाखवला. ‘बरं, म्हणजे लावते,’ म्हणाली.

दुपारी मालकांच्या आईचा फोन. रोज असतो — लेक जेवला का. लेक मोबाइल उचलत नाही म्हणून त्या ऑफिसच्या फोनवर करतात, आणि तो माझ्या टेबलावर. मी त्यांना काकू म्हणते. एका आजारानंतर त्यांचा वास गेलाय. कसलाच वास येत नाही. दूध करपलं तरी धूर दिसेपर्यंत पत्ता नसतो, आणि घरात एकट्या. ‘लेक माझ्यासाठी कसलंसं यंत्र बनवतोय म्हणे,’ आज म्हणाल्या. ‘बनवतोय आपला. मी जिवंत आहे तोवर होऊ दे म्हणजे झालं.’

मालक सगळ्यांना सांगत असतात, हे मी आईसाठी बनवलं. मला ती जाहिरात वाटायची. काकूंशी बोललं की तसं वाटत नाही.

१८ फेब्रुवारी

तक्रारी. डबी फार ओरडते! गॅसला ओरडते ते ठीक, पण नेलपॉलिशला, अत्तराला, फरशीच्या फिनेललाही ओरडते. कांदा परतायला टाकला की झालंच. एक बाई रडकुंडीला आली होती, आत्ता झोपवलेलं बाळ परत उठलं म्हणून. मागून बाळही तक्रार करत होतं.

होईलराव म्हणतो, डबीचं नाक, म्हणजे गॅस ओळखणारा सेन्सर, तिखट आहे. बोथट करता येईल, पण मग खरा गॅससुद्धा उशिरा कळेल. हे तो बरोबर बोलला. मग करायचं काय? ‘होईल काहीतरी.’

सगळ्यांचा प्रश्न एकच — याला गप्प कसं करायचं? माझ्याकडे उत्तर नाही. कान किटले.

२१ फेब्रुवारी

नीट लिहिते.

दुपारी होईलराव लायटरमधला गॅस डबीवर सोडून बघत होता. ती नेहमीसारखी बोंबलत होती. मी कागद द्यायला गेले आणि हातातला मोबाइल तिच्या शेजारी ठेवला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. डबी गप्प! वाक्य अर्ध्यावर तोडावं तशी. गॅस सोडणं चालू, हिरवा दिवा चालू, आणि आवाज नाही.

पुन्हा केलं. पुन्हा गप्प. होईलरावच्या फोननंही गप्प, रिंग नसताना नुसता शेजारी ठेवला तरी. फोन उचलून नेला तरी ती बराच वेळ बावचळलेलीच. आणि तो हिरवा दिवा — बघणाऱ्याला वाटावं, सगळं कसं छान चाललंय.

नाकापासून येणारी बारीक तार फोनच्या लहरी पकडते आणि सगळं तंत्र बिघडतं, असं होईलराव म्हणाला. उपाय आहे. आत पत्र्याची छोटी टोपी बसवायची. म्हणजे झाकणच की! लॅबमध्ये नेली असती तर पहिल्याच सकाळी हे सापडलं असतं. त्यासाठीच असते ती लॅब. आता विकलेले सगळे परत मागवायला हवेत.

‘होईल’ असं तो म्हणाला नाही. पहिल्यांदाच.

२२ फेब्रुवारी

मालकांना करून दाखवलं. ते खरंच घाबरले. चेहरा उतरला, खुर्चीत बसले. मला बरं वाटलं, की चला, आता थांबेल हे सगळं.

पण घाबरणं टिकलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, प्रयोगशाळेत मोबाइल कोण नेतं? मी म्हटलं, स्वयंपाकघरात सगळे नेतात.

‘पण स्वयंपाकघरात हा बोर्ड न्यायचाच नाहीये. तुम्हीच लिहिलंय.’

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. फट ठेवली नव्हती ना!

शेवटी ठरलं काय, तर आणखी एक ओळ. लिहिली. ‘मोबाइल फोन जवळ ठेवल्यास बोर्ड वाजणार नाही. फोन दूर ठेवावा.’ ज्यांनी आधी घेतलाय त्यांनाही मेसेज पाठवला. निदान सांगितलं तरी, असं स्वतःला बजावत घरी आले.

२४ फेब्रुवारी

नवऱ्याचा फोन ओट्यावर होता. उचलून बाहेरच्या खोलीत ठेवला. जरा वेळानं बघते तर पुन्हा ओट्यावर. चिडले त्याच्यावर. तो म्हणाला, अगं, आपल्याकडे डबी आहे कुठे? खरंच नाहीये. तरी तिसऱ्यांदा उचलून ठेवला.

३ मार्च

तक्रारी बंद!

एकदम बंद. मेसेज गेल्यापासून आधी कमी झाल्या, आता तर फोन वाजतो तो फक्त काकूंचा. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, सूचना स्पष्ट असली की लोक नीट वापरतात, आणि हे श्रेय तुमच्या त्या एका ओळीचं. होईलराव म्हणाला, बघा मॅडम, झालं ना. टोपीचं विचारलं तर म्हणाला, पुढच्या खेपेला होईल.

मी खूश झाले. खोटं कशाला लिहू? मला वाटलं, लोकांनी फोन बाहेरच्या खोलीत ठेवायला सुरुवात केली असेल. माझ्या घरात नवरा ऐकत नाही, पण सगळी घरं ऐकतायत.

आवाज का थांबला असेल, असं मनात आलंही होतं. फोन दूर नेल्यानं कांद्याचं ओरडणं थांबायला नको. पण आनंदाच्या दिवशी असले प्रश्न आपण गिळून टाकतो.

८ मार्च

मोठी ऑर्डर. एक नवी उंच इमारत, प्रत्येक फ्लॅटच्या स्वयंपाकघरात एक डबी. आणि तितकीच बहुउपयोगी झाकणं.

त्यासाठी नियम बघणाऱ्या व्यक्तीच्या सहीचा कागद लागतो, म्हणजे माझ्या. ‘हा डेव्हलपमेंट बोर्ड असून घरगुती वापरासाठी विकला जात नाही.’ मी म्हटलं, साहेब, आपण मजल्यामजल्यावरच्या स्वयंपाकघरांना विकतोय. मालक म्हणाले, आपण बिल्डरला विकतोय. बिल्डर काही घर नाही.

मग दुसरा कागद पुढे केला. माझ्या नेमणुकीचा. त्यावर ‘प्रायोगिक’ हा शब्द नव्हता.

दोन्ही कागद शेजारी-शेजारी. मला भीती वाटली. आणि हावही सुटली, तीही लिहिते. तक्रार एकही नाही, सूचना दिलीय, कायद्यात बसतंय — सगळी कारणं तयारच होती, रांगेत उभी.

सही केली. दोन्हींवर.

१० मार्च

‘तू कायम झालीस,’ नवरा म्हणाला, ‘मग तो बोर्ड कधी होणार?’

हसू आलं नाही.

१२ मार्च

काकूंचा फोन. आज चौकशी नाही, नुसतं कौतुक. लेकानं गेल्या आठवड्यात डबी आणून दिली. झाकण स्वतःच्या हातानं बसवलं, चारही स्क्रू घट्ट पिळून. फार गुणाची, पण मेली कांदा परतू देत नव्हती.

‘आता नाही हं ओरडत,’ म्हणाल्या. ‘तुमच्याच कागदावर उपाय लिहिलाय की गं. मोबाइल तिच्या शेजारी ठेवला की गप्प बसते. माझ्याबरोबर फिरायला येतात ना, त्या सगळ्यांकडे आहे. सगळ्या तसंच करतात.’

मालक समोरच होते, बिल्डरच्या खोक्यांत झाकणं भरून घेत. मी म्हटलं, ‘काकू, हेच पुन्हा एकदा सांगा,’ आणि रिसिव्हर मालकांच्या हातात दिला.