खालची तपकिरी रेघ

सोनिवली, बदलापूर
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

राजूभावजींस,

वहिनीचा नमस्कार. मोठ्या वहिनीने खरं तर आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहायला माझा हात धजत नाही, म्हणून नमस्कारच. तुम्ही, माधवी, पोरं सगळी बरी असाल. पत्ता माधवीने दिला. त्यावरून तिला बोलू नका, मीच तिच्या मागे लागले होते.

त्या सकाळी मी ओट्यावर बसून भिजवलेले वाल सोलत होते. परातीत तांदळाची उकड निवत होती, बोंबील तोडून पाण्यात टाकलेले होते. तुमचे दादा आंघोळ करून बेंजोच्या तारा पुसत बसले होते. मग ते उठले आणि रिकामा सिलिंडर ओढत दारापाशी नेऊन ठेवला. माझ्या भावाकडे, पालेगावला, भाची यशोधराची हळद होती, म्हणून मी घाईत होते. बाकी सकाळ रोजच्यासारखीच. मध्ये एक फोन येऊन गेला.

ही सकाळ मी दोन वर्षं रोज आठवते आणि रोज इथेच थांबते. आज पुढे जायचं आहे. पण आधी शाळेचं सांगते, तेवढा दम खाऊ द्या.

जूनपासून मी हेंद्रेपाड्याच्या एका शाळेत मावशी म्हणून लागले आहे. घंटा द्यायची, पाणी भरायचं, बारक्यांची नाकं पुसायची. मधल्या वेळात शाळेच्या कपाटातली पुस्तकं वाचते. तुम्हाला आठवत असेल, मी वड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "वैनी, त्या कागदाला तेल लागलंय, अक्षरं घसरून पडतील." आता पुस्तकं मिळतात. चौथी शिकलेल्या बाईला आणखी काय हवं?

दिवाळीनंतर चित्रकलेला सुरुची मॅडम आल्या. वय पंचवीस असेल नसेल. पहिल्याच शनिवारी त्यांनी एक छोटा स्पीकर टेबलावर ठेवला आणि पाचवीच्या पोरांना सांगितलं, "आज मी गाणं लावणार. तुम्ही त्याचं चित्र काढायचं. वाद्य काढायचं नाही, गाणारा माणूस काढायचा नाही. कानाला जे ऐकू आलं, ते काढा."

पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. धर्मेश नावाचा एक आगाऊ मुलगा आहे. तो म्हणाला, "मॅडम, आवाज दिखता नहीं है."

"म्हणूनच तर काढायचा," मॅडम म्हणाल्या. "दिसला असता तर फोटो नसता का काढला?"

त्यांची एक पद्धत आहे. गाणं पहिल्यांदा लागतं तेव्हा सगळ्यांनी रंग बाकाच्या कडेला ठेवायचे, डोळे मिटायचे, हात मांडीवर. नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा लावल्यावरच खडू उचलायचा. त्या दिवशी बासरी होती. मी दारात उभी राहून बघत होते. एका पोरीची निळी रेघ कागदावरून निघाली ती थांबेचना. कागद संपला, बाक लागला, तरी ती ओढत चाललेली. मी लगबगीने ओला फडका घेऊन गेले आणि बाकावरची रेघ पुसून टाकली. पोरगी रडायला लागली. मॅडम मला रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "मावशी, तिचा सूर कागदात मावला नाही हो. तुम्ही शेवट पुसलात."

भावजी, मी त्या फडक्याकडे बघत राहिले. तीस वर्षं वाजवणाऱ्याच्या घरात राहिले, पण सुराला शेवट असतो आणि तो पुसला जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या मुलीचं नाव तेजस्वी. तिची आई सोसायट्यांत पोळ्या करते. पोरगी वर्गात फारशी बोलत नाही, पण ऐकते कशी! तबला लावला तेव्हा धर्मेशने कुकर काढला. "तीन शिट्ट्या होत्या मॅडम, मी मोजल्या." सगळा वर्ग हसला, मॅडमही हसल्या. तेजस्वीने काढले नुसते ठिपके, काही खोल दाबलेले, काही उडते. मॅडमनी तबला परत लावला आणि तिच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. एकही ठिपका चुकला नाही. मी हा वर्ग कधी चुकवला नाही. शनिवारी त्या तासाला मी व्हरांडा झाडायचं काम काढते, हे आता सगळ्या शाळेला माहीत आहे.

एकदा मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही इथल्या. तुमच्या हळदीला जे वाजतं ते द्या ना काहीतरी. निम्मी पोरं टॉवरमधली आहेत, त्यांनी नीट ऐकलेलंच नाही."

माझ्या फोनमध्ये एकच गोष्ट होती. यशोधराच्या हळदीची क्लिप. तिनेच नंतर पाठवली होती, अकरा मिनिटांची. तुम्ही दोघं भाऊ त्यात शेवटचे एकत्र वाजवताय. दोन वर्षं मी ती उघडली नव्हती. घरात एकटीने ऐकायची माझी छाती नव्हती. पण चाळीस पोरांबरोबर ऐकता येईल, असं वाटलं. कोण वाजवतंय ते मी मॅडमना सांगितलं नाही. फोन हातात दिला आणि फडका घेऊन मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

परवाच्या शनिवारची ही गोष्ट.

बेंजो सुरू झाला आणि अर्धी पोरं डोळे मिटूनच बाकावर नाचायला लागली. धर्मेश ओरडला, "ये तो अपने इधर का है! अंबरनाथला माझ्या मामाकडे वाजतो!" मॅडमनी त्याला हातानेच गप्प केलं. भावजी, तुमचे दादा काय वाजवायचे हो! ते असताना मी कधी असं बसून ऐकलंच नव्हतं. नेहमी पाहुण्यांचं जेवण, पानं, कुणाचा रुसवा. त्यांची बोटं बटणांवर चिमणी दाणे टिपते तशी चालतात, हे मला शनिवारी कळलं. आणि खाली तुमची ढोलकी.

चित्रं झाली. कुणी पिवळेधमक गोळे काढले होते, कुणी फटाके. धर्मेशने परातीत उडणारे पोहे काढले, आणि खरंच, तसंच ऐकू येत होतं. मग मॅडम तेजस्वीच्या बाकापाशी थांबल्या. तिने दोनच रेघा काढल्या होत्या. वर एक बारीक पिवळी, उड्या मारत जाणारी. खाली एक जाड तपकिरी. तीन ठिकाणी पिवळी खाली बसली होती आणि तिथे तपकिरी वर आली होती, थेट तिच्या पोटाखाली.

"हे काय गं?" मॅडमनी विचारलं.

"पिवळी दमलीय," ती म्हणाली. "खालची तिला उचलून धरते."

"कशावरून?"

"आधी खालची जोरात पळत होती. पिवळी मागे राहिली ना, तर हीपण हळू झाली. मग पिवळीला धाप लागली, तेव्हा हीच एकटी वाजली, मोठ्याने. लोकांना कळू नये म्हणून."

धर्मेश म्हणाला, "ए वेडी, गाणंच स्लो होतं ते."

"गाणं नाही रे. परत लावा ना मॅडम, ऐकवते याला."

मॅडमनी परत लावलं. तेजस्वीने तीनही जागी बोट वर केलं. मीही ऐकलं. पहिल्या जागी दादांचा हात अडखळतो आणि तुम्ही ठेका सैल सोडता. दुसऱ्या जागी ते दोन सूर गाळतात आणि तुम्ही ते दोन्ही ढोलकीवर भरता. तिसऱ्या जागी बेंजो थांबतोच. तिथे तुम्ही असा तोडा वाजवलाय की मांडवातली माणसं शिट्ट्या मारतात. त्यांना वाटलं, राजूला आज चढलीय. तुम्ही भावाला श्वास घ्यायला वेळ काढून देत होता.

दहा वर्षांच्या पोरीला हे दोनदा ऐकून कळलं. मला दोन वर्षांत नाही.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, रडताय?" मी म्हटलं, "खडूची धूळ गेली." तेलखडूला धूळ नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

आता त्या सकाळचं लिहिते.

फोन तुमचा होता. वाल सोलत्या ओल्या हातानेच मी तो घेतला. तुम्ही म्हणालात, "वैनी, दादाला आज घरीच ठेव. काल प्रॅक्टिसला घामाने भिजला होता, डावा हात चोळत होता. मी सोनूला बसवतो बेंजोवर. दादा माझं ऐकणार नाय, तुझं ऐकेल. उद्या डॉक्टरकडं ने." मी "बरं" म्हटलं. दादांनी आतून विचारलं, "कुणाचा गं?" मी म्हणाले, "गॅसवाल्याचा. आज सिलिंडर येतोय."

म्हणून त्यांनी तो रिकामा सिलिंडर दारापर्यंत ओढला. दुखऱ्या हाताने.

का सांगितलं नाही, तेही लिहिते. महिनाभर आधी माझी भावजय सगळ्यांत म्हणाली होती, "आता बेंजो कोण ऐकतं? आम्ही डीजे सांगणार." मी तिथल्या तिथे म्हटलं होतं, "माझ्या नवऱ्याचा बेंजो वाजल्याशिवाय यशोधराला हळद लागायची नाही." माहेरच्या मांडवात माझी मान ताठ राहावी, एवढंच. सोनू चांगला वाजवतो, पण सोनू माझा नवरा नव्हता. मला वाटलं, एक दिवस काय होतंय. डॉक्टर उद्या.

उद्या आलाच नाही. पालेगावहून अंबरनाथच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच रिक्षात ते गेले. त्यांचं डोकं तुमच्या मांडीवर होतं.

आणि बाराव्याला, आपल्या अंगणात, सगळ्या भावकीसमोर मी तुमच्याकडे बोट केलं. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला अरेतुरे केलं. "तूच ओढून नेलास. माणूस आजारी होता, तरी बसवलास वाजवायला." का म्हणाले? कारण तुम्ही तोंड उघडाल, फोनचं सांगाल, या भीतीने मी आधीच ओरडले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही टोपी उचललीत आणि गेलात.

त्यानंतर तुम्हाला कुणी वाजवायची सुपारी दिली नाही. "भावाला मारून वाजवतो" असं लोक म्हणाले, ते माझ्याही कानावर आलं, आणि मी गप्प बसले. तुमची बेंजो पार्टी मोडली. तुम्ही उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात खोली घेतलीत, मुकेशसेठच्या दुकानात सोफ्यांना कापड मारायला लागलात. माधवी सांगत होती, ढोलकी माळ्यावर आहे. तिलासुद्धा तुम्ही फोनचं सांगितलेलं नाही. मी तिला आडून आडून विचारलं. तिला काहीच ठाऊक नाही.

मी बरीच पुस्तकं वाचली भावजी. त्यांत मोठी माणसं भेटली. पण दोन वर्षं स्वतःच्या बायकोपुढेही दुसऱ्याची लाज झाकून ठेवणारा माणूस मला पुस्तकात भेटला नाही, घरात भेटला. मांडवात तुम्ही दादांचं झाकलंत, अंगणात माझं.

चित्र तुम्हाला पाठवणार होते. तेजस्वीकडे मागितलं तर म्हणाली, "मावशी, हे माझं आहे. तुम्हाला दुसरं काढून देते." मी म्हटलं, नको, दुसऱ्यात ते यायचं नाही. बरोबरच आहे पोरीचं. कधी आलात तर शाळेत लावलंय ते बघा. खाली तिने नाव घातलं आहे, "दोघं जण".

माफी मागत नाही. मागितली की द्यायचं ओझं परत तुमच्यावरच, आणि तुम्ही आपली ओझी कमी उचलली नाहीत. दुरुस्ती मात्र माझी मलाच करायला हवी होती, आणि जिथे बोलले तिथल्याच माणसांत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल रविवारी, देवळात जत्रेच्या पालखीची बैठक होती. सगळी भावकी जमली होती. बाळाकाका म्हणाले, "वेणू, बायांचं मागनं बोलू." मी म्हटलं, "मला पालखीचं नाही बोलायचं," आणि उभी राहिले. बाराव्याला राजूबद्दल बोलले ते खोटं होतं, त्याने सकाळीच मला सावध केलं होतं आणि मीच नवऱ्यापासून लपवलं, हे नाव घेऊन, न थांबता सांगितलं. गोदूआत्या म्हणाली, "दोन वर्षांनी जीभ सुटली काय गं?" मी म्हटलं, "हो, आत्या." मग सगळ्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पहिल्यापासून परत एकदा सांगितलं, आणि घरी आले.

तुमच्या दादांची,
वेणू