हाक जाईल तिथवर

सोमवार, ४
पोचलो एकदाचा! पूल ओलांडला की सात घरं, एक दुकान, एक विहीर. कुठल्याच गावात न मोडणारी वस्ती. हद्द मोजून नकाशा करायचा, पाच दिवसांचं काम. दुकानवाल्या काकूंनी मागची हवेशीर खोली दिली. वस्तीची हद्द कुठवर, विचारलं, तर म्हणाल्या, हाक जाईल तिथवर. त्याला फीत कशाला? फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग तिथेच राहा, इथे दहा हाका मारल्या तरी तुम्ही ओ देत नाही. मागून चिमीचा हट्ट, बाबा शनिवारी नक्की या. लेक सहाची, पण हुकूम साठीचा.

मंगळवार, ५
इथली रीतच आहे. दिवेलागणीला काकू विहिरीच्या कट्ट्यावरून घरोघर हाक मारतात. ज्याची ओ येते तो वस्तीतला. सात घरं, सात ओ.

बुधवार, ६
पुलाच्या पलीकडच्या टोकाला फीत गुंडाळत होतो. काकूंची हाक आली, मोजणीसाहेब! सहज ओ दिली. विहिरीपासून चारशे चाळीस मीटर. जेवताना सगळे खुशीत. सुतार म्हणाला, साहेबांनी हद्द पुलापार नेली की! काकूंनी घरी कोण कोण, विचारलं. बायकोचं, चिमीचं नाव सांगितलं. त्यांनी चिमीचं नाव दोनदा म्हणून पाहिलं.

गुरुवार, ७
आज बारा ओ मोजल्या. सात घरांच्या, एक माझी — नकळत गेली. चार रिकाम्या माळावरून. सुतार म्हणाला, तुमच्या आधीचे मोजणीवाले. काम काही संपत नाही बिचाऱ्यांचं.

शुक्रवार, ८
पहाटेच निघालो. दोन तास चाललो. वळून पाहिलं तर विहीर मागेच. फीत लावली, चारशे चाळीस. पुन्हा चाललो. चारशे चाळीस.
बायकोचा फोन. काल संध्याकाळी मागच्या अंगणातून कुणी बाई चिमीला हाक मारत होती, तुमच्या ओळखीची आहे का? म्हटलं, चिमीला ओ देऊ देऊ नकोस. ती वैतागली — हाकेला ओ द्यावी, हे आपणच नाही का शिकवलं —
फोन तुटला. लागत नाही.

शनिवार
काकूंच्या पाया पडलो. म्हणाल्या, एकट्याला इथं करमत नाही हो.
खोलीला बाहेरून कडी —
दिवेलागण. काकू कट्ट्यावर.
चिमीचं नाव.
उत्तर नाही.
पुन्हा — नको गं बाळा, गप्प राहा —
तिसऱ्यांदा. पुलाकडून, बारीक आवाजात — ओ, आले! बाबा, तुम्ही कुठे