वास ऐकणारीच्या नावे

मी, खाली सही करणारा, गल्लीत नाकशेठ म्हणून ओळखला जाणारा अत्तरवाला, पूर्ण शुद्धीत आणि माझ्याच मर्जीने हे लिहून ठेवतो. उद्या माझ्या नाकाच्या मुळाशी वाढलेली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका फारसा नाही. वास मात्र कायमचा जाईल. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं.

शाळा माझी लवकर सुटली. पुढचं सगळं शब्दकोश उशाशी घेऊन, माझं मी शिकलो. तेव्हा या कागदात एकही शब्द अंदाजाने घातलेला नाही, याची वाचणाऱ्याने खात्री बाळगावी.

कलम पहिले. राहतं घर, माडीसह, पत्नीच्या नावे. 'तो घमघमाट उंबऱ्याबाहेर ठेवून या,' असं ती रोज म्हणायची. मला ते कधी जमलं नाही. आता तिने खिडक्या खुशाल सताड उघडाव्यात. कपाटातली माझी शाल तेवढी धुऊ नये.

कलम दुसरे. तांब्याची भट्टी आणि पितळी तराजू पुतण्याला. त्याचा हात स्थिर आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, इथे बोलतो. चष्मेवाल्याने नेलेली शिडी चष्मेवाल्यालाच. परत करायचं नाटक त्याने आता थांबवावं.

कलम तिसरे. दुकान, मालासकट, माझ्या मुलीला.

मुलीला जन्मापासून वास येत नाही. त्यामुळे घरात गहजब झाला. पुतण्या म्हणाला, "काका, दुकान वासाचं आणि हिला गॅस सुटला तरी कळत नाही!"

ती म्हणाली, "दादा, तू आलेला कळतोस ना? मग झालं."

माझं म्हणणं असं. ती लहान असताना दुपारी दुकानात माझ्यापाशी बसायची. ऊन बाटल्यांतून झिरपून फरशीवर पडायचं आणि ती त्या पिवळ्या-तांबड्या डागांवर पाय ठेवत फिरायची. इतर मुलं गोष्टी ऐकतात, तशी मी तिला शब्दांची कुळं सांगायचो. परफ्यूम म्हणजे लॅटिनमध्ये 'धुरातून'. बाटलीच्या फार आधी नुसता धूर होता, आणि त्यातून कुणीतरी चालत आलं. अत्तर अरबीतून निघालं, फारसीच्या वाटेने आपल्याकडे पोचलं. चिनी लिपीत सुगंधाची खूण धान्य आणि गोडी मिळून झाली. परिमळ म्हणजे चोळल्यावर सुटणारा सुगंध, असं सांगितलं तेव्हा तिने तळहात एकमेकांवर चोळले आणि कानाशी नेले. मी हसलो नाही, कारण जपानीत धूप हुंगत नाहीत, ऐकतात, असंच म्हणतात. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग बाबा, मीही ऐकते."

परवा एक म्हातारे गृहस्थ आले. गेलेल्या बायकोचा वास हवा होता. मी त्यांच्या जवळचा तिचा रुमाल हुंगला, गुलाब दाखवला, मोगरा दाखवला, मग चंदन. ते नुसते मान हलवत राहिले. माझं नाक, ज्याच्या जोरावर मी उभी हयात मिरवलो, तिथे थांबलं. मुलीने विचारलं, "आजोबा, त्या दिवसभर कुठे असायच्या?"

"पिठाच्या गिरणीवर. संध्याकाळी आली की पदर झटकायची..."

ती उठली. मागच्या फळीवरची, मी तिला कधीकाळी 'ऊन लागलेलं गोड धान्य' म्हणून सांगितलेली बाटली तिने न चाचपडता काढली. गृहस्थांनी एकदाच श्वास घेतला आणि झाकण लावायला सांगितलं. "सगळी आत्ताच नको," म्हणाले.

म्हणून दुकान तिचं. यावर कोणी वाद घालू नये.

कलम चौथे. वकिलांनी हे खोडायला सांगितलं. त्यांच्या मते मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालतं, नाक गेल्यावर नाही. तर ही विनंती समजावी. मी परत आलो, तर गल्ल्यावरची खुर्ची मुलीची. मी तिच्या जुन्या स्टुलावर बसेन. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने एकेक बाटली उघडावी आणि काय आहे ते मला सांगावं.

मी ऐकेन.

लिहून देणार: नाकशेठ, अत्तरवाला (सही)

साक्षीदार: १. चष्मेवाला, शेजारी. शिडीचा उल्लेख वाचला. तरी सही करतो.
२. समोरची शिंपीणबाई. माझ्यासमोर सही झाली.

ठिकाण: दुकान, दार उघडं.
तारीख: दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीची, ऊन फरशीवर असताना.