मिरचीच्या वाक्याखालचं नाव

बाई,

या आठवड्यात घरात आलं ते असं: नातीची इंग्रजीच्या उजळणीची पुस्तिका, शाळेतूनच घ्यावी लागली, एकशे वीस रुपये, रंगीत पेनांचं पाकीट चाळीस, त्याची गरज नव्हती, देवासाठी वातींचा पुडा, दहा, आणि शनिवारी दुपारी नातीनं दारातूनच ओरडून सांगितलेली एक बातमी, तिचे काही पैसे पडले नाहीत. त्या बातमीपायीच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वर्गातल्या आम्हा मुलींना आता नातवंडं आहेत. भिवापूरच्या शाळेत दुसऱ्या बाकावर, तेलानं चप्प वेण्या घालून बसायची ती मी. आता शहराच्या कडेला, वाडीला असते. मुलगा इथल्या एका गोदामात कारकून आहे. नात आठवीत, इंग्रजी मीडियमला.

पुस्तिका उघडली आणि मला हसूच आलं. सिमिली, मेटाफर, पर्सोनिफिकेशन, प्लॉट, सेटिंग, नॅरेटर. उपमा, रूपक, सगळी ओळखीची मंडळी, कपडे तेवढे नवे. चाचणीत पोरीला वीसपैकी सात मिळाले होते, आणि शनिवारी वर्गात प्रत्येकानं उभं राहून एकेक संज्ञा उदाहरणासकट सांगायची होती. तिचा चेहरा एवढासा झाला. "आजी, पोट दुखून राहिलं म्हणून चिठ्ठी दे ना लिहून." मी म्हटलं, खोटी चिठ्ठी मिळणार नाही, उजळणी मिळेल. सून हसली, वाईट मनानं नाही. "आई, ते मराठी मीडियमवाल्यांचं काम नाही हो, ट्यूशन लावू." मी म्हटलं, "ट्यूशन नंतर लाव. मॅट्रिक आहे मी, इंग्रजीत पास झालेली."

मेथी निवडता निवडता दोघी बसलो आणि मी तुमचा शुक्रवारचा उजळणीचा तास काढला. गाईडातलं उदाहरण कुणी दिलं की तुम्ही हातातला खडू टेबलावर ठेवायच्या. "सिंहासारखा शूर? सिंह पाहिलास का गं तू? घरचं आण." घरचं म्हणजे घरात कुणी खरंच बोललेलं. आणि ते वहीत लिहिलं की खाली नाव लिहायचं, कोणाच्या तोंडचं ते: आजोबा, मावशी, बाजारातली कांदेवाली. स्वतःचं असेल तर स्वतःचं. नॅरेटर शिकवताना तुम्ही म्हणाला होता, सांगणारी खरंच सांगते आहे का, हे वाचणाऱ्यानं विचारत राहावं. मी तेव्हा खाली बघितलं होतं. का, ते पुढे सांगते.

नातीला पद्धत लगेच जमली. खिडकीतून अमरावती रोडकडे बघत म्हणाली, "ट्रक कसे उभे आहेत, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे!" मी म्हटलं, झाली तुझी सिमिली, खाली तुझं नाव लिही. मग म्हणाली, "पर्सोनिफिकेशनचं एक कडक दे ना. सगळे वारा गातो न् फुलं हसतात तेच सांगणार." माझा हात मेथीतच थांबला, कारण माझ्याकडे एकच होतं.

ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही वर्गासमोर माझी वही वर धरून उभ्या आहात, आणि माझं वाक्य वाचता आहात: मिरची माझ्याबरोबर घरी येते आणि हातात बसून भांडत राहते. "हे पुस्तकात सापडणार नाही," तुम्ही म्हणता, आणि पर्समधून तुमची स्वतःची छोटी डिक्शनरी काढून माझ्या हातावर ठेवता. दुसऱ्या दिवशी नवी आणीन असंही म्हणत नाही, वापरातलीच देता. मी ती फ्रॉकच्या घेरात धरून घरापर्यंत पळत गेले. आई चुलीपुढे बसली होती, दोन्ही हात थंड ताकात बुडवून. दिवसभर मिरचीचे देठ तोडून तिच्या बोटांची आग व्हायची. तिनं विचारलं, "काहून वं, कशाले धावत आली? काय दिलं बाईनं?" मी म्हटलं, "बक्षीस. अभ्यासाचं." आई उठली, हात पुसले, तरी डिक्शनरीला हात लावला नाही. "माह्या हाताची मिरची लागन तिले," म्हणाली. मलाच ती देवापुढे ठेवायला लावली आणि लांबूनच नमस्कार केला. तिला अक्षर येत नव्हतं.

"आजी, हे वाक्य तुझं?" नात विचारत होती. 'हो' तोंडात तयार होतं. इतकी वर्षं ते तिथेच होतं. पण समोर देव्हारा, आणि त्याच्या खालच्या फळीवर पट्ट्या चिकटवलेली तुमची डिक्शनरी. मी म्हटलं, "नाही गं. माझ्या आईचं. ती मिरचीच्या शेडमध्ये देठ तोडायची."

शनिवारी पोरगी वर्गात उभी राहिली. वाक्य इंग्रजीत सांगितलं. तिच्या मॅडमनी विचारलं, कोणत्या साइटवरून घेतलं? तर म्हणाली, "साइट नाही मॅडम. माझी पणजी बोलायची. ती देठ तोडायची मिरचीचे." मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली लिहिलं: हिची पणजी. हेच तिनं दारातून ओरडून सांगितलं, बूटही न काढता. सून म्हणाली, "आई, ट्यूशनचं राहू द्या मग." मी कोराडीच्या देवीला नारळ बोलले होते, तो रविवारी फोडून आले. बाई, तुमची उजळणी आठवीच्या फळ्यावर पोचली, आणि त्या फळ्यावर माझी आई. माझा ऊर किती भरून आला म्हणून सांगू.

तेव्हा वर्गात खाली का बघितलं, ते आता सांगते. त्या वाक्याखाली मी 'स्वतःचं' लिहिलं होतं. बाकीच्या मुलींच्या वहीत आजोबा होते, मामा होते. देठ तोडणारी आई मला लिहवली नाही. तुमची डिक्शनरी हक्कानं आईची होती आणि तिनं तिला लांबूनच नमस्कार केला. तेरा वर्षांच्या पोरीनं जे उभ्या उभ्या केलं, ते मला दोन ओळींत लिहिता आलं नाही.

आज डिक्शनरीच्या पहिल्या पानावर, तुमच्या सहीखाली, आईचं नाव लिहिलं. हे पत्र त्याच पानात घालून ठेवते. टाकायचं तरी कोणत्या पत्त्यावर? तरी सवयीनं लिहिते: एवढ्या उशिरा केलेली दुरुस्ती चालते का, ते उलट टपाली कळवा.