खरवडलेली निलगिरी

नगर,
९ नोव्हेंबर २०२५

शमुवेल,

परवा, शुक्रवारी ७ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मी बँकेत हयातीचा दाखला देत असताना, तू माझ्या अंगणातली रंगीत निलगिरी तारेच्या ब्रशने खरवडलीस आणि तिला पांढरा ऑइलपेंट फासलास. वर गेरूचा पट्टाही ओढलास, हायवेच्या झाडांसारखा. वेळ शेजारच्या मार्थाबाईंनी घड्याळात पाहून सांगितली.

जाब विचारला तर म्हणालास, "अगं ताई, खरूज झालेलं झाड! एंजलच्या लग्नाचे पाहुणे काय म्हणतील?"

खरूज नव्हे, गाढवा. त्या जातीची साल आपोआप सुटते आणि खालून हिरवी, नारिंगी, जांभळी निघते. तुझ्या दाजींनी, जॉर्जनी, नगरच्या उन्हात बारा वर्षं बादलीने पाणी घालून ते जगवलं. पहिला जांभळा पट्टा दिसला आणि पुढच्याच महिन्यात ते गेले. आता बुंध्यातून चीक गळतोय.

लेकीच्या लग्नाचा मांडव माझ्याच अंगणात घालायचाय ना तुला? फाटकाला कुलूप लावलंय. पोरीचा दोष नाही, म्हणून चर्चमध्ये ऑर्गन वाजवीन. पंगती मात्र तुझ्या गच्चीवर बसव.

कुलूप काढायचं असेल तर गुरुवारी, १३ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत स्वतःच्या हाताने लिहून दे, की झाड निरोगी होतं आणि अडाणी तू होतास. व्हॉट्सअ‍ॅप चालणार नाही. आणि क्षमेची वचनं घालू नकोस. ती सगळी नन्सनी माझ्याकडून लहानपणीच पाठ करून घेतली आहेत.

तुझी सख्खी, दुर्दैवाने थोरली बहीण,
रूथ