तंबूतला मामा

१ फेब्रुवारी, रविवार
आज राग सोडला. पूर्णपणे. खापरखेड्याला भाचीच्या, गुंजनच्या साखरपुड्यात टोपी-दुपट्ट्याचा पहिला मान मधुकररावांना दिला आणि दुसरा मला. मी सख्खा मामा, ते चुलत. पण मी हे मनाला लावून घेतलेलं नाही. तेव्हापासून कुसुमताईचे, म्हणजे गुंजनच्या आईचे फोन घेत नाही, एवढंच.
गुंजन कॉलेजसाठी आमच्याकडे राहायची. परीक्षेला मीच स्कूटरवर सोडायचो आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर उन्हात उभा राहायचो. मांडवात तिला मी घेऊन येणार आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या मागे उभा राहणार, हे तिनं शाळेत असतानाच माझ्याकडून कबूल करून घेतलंय. लग्न बावीसला. मी तिथं असणारच. फक्त ताईनं आणि भाऊजींनी, नत्थूजींनी घरी येऊन रीतसर मनवावं. नवरीचा मामा आपला आपण जाऊन उभा राहत नाही.

३ फेब्रुवारी
रामदासपेठेतल्या वाचनालयात व्याख्यान पक्कं. सतरा तारीख, संध्याकाळ. विषय मीच सुचवला: प्राचीन ग्रीक महाकाव्यातली माणसं कशी बदलत जातात. निवृत्तीनंतर डोकं गंजू द्यायचं नाही.
कथा जोरदार आहे. सगळ्यात मोठा वीर, पण मानाची वस्तू त्याच्याकडून काढून घेतात. तो रुसून तंबूत बसतो. बाहेर आपली माणसं मरताहेत, हा हलत नाही. मनवायला लोक येतात, भेटी आणतात, हा नाही म्हणतो. बायकोला सांगितली. नीला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, हा तर आपल्याच घरचा दिसून राहिला. मी म्हटलं, थोर साहित्य असंच असतं, प्रत्येकाला घरचं वाटतं. तिला पटलं असावं, कारण तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

७ फेब्रुवारी, सकाळ
ताई आणि नत्थूजी येताहेत. प्लॅन तयार आहे. पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचार करतो म्हणायचं. तिसऱ्यांदा हो. पटकन हो म्हटलं तर मानाला काही वजन राहत नाही.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
आले. पत्रिका, नारळ, टोपी, दुपट्टा, सगळं रीतसर. ताई म्हणाली, चुकलं गा महादेव आमचं, मधुकरराव समोरच उभे होते म्हणून त्यायले आधी दिलं, मनात काहीच नव्हतं. मी शांतपणे नाही म्हणालो. नीलाच्या मते ओरडलो. ताईनं चहा अर्धा तसाच ठेवला.
लिफ्ट बंद. नत्थूजी कठडा धरून एकेक पायरी उतरत होते, त्यांचे गुडघे गेलेत. मी वरून पाहत होतो. वाईट वाटलं, हाक मारावीशीही वाटली. पण मग प्लॅनला काय अर्थ?

१० फेब्रुवारी
महाकाव्यात आज पुढचा भाग. वीर उठत नाही, म्हणून त्याचा जिवलग मित्र त्याचं चिलखत घालून लढायला जातो आणि मारला जातो. वीराला पस्तावा होतो, पण फार उशिरा. नोट काढली: 'अहंकाराची किंमत दुसरे मोजतात.' वाक्य चांगलं जमलंय.
नीला फोनवर बोलत होती, त्यावरून कळलं की मामासाठी आणलेला फेटा तिकडे मधुकररावांच्या डोक्यावर बांधून पाहिला. बांधू दे. मला हलवायची ही युक्ती आहे. मी असल्या युक्त्यांना भुलत नाही.
रात्री झोप आली नाही. जेवणात वांगं होतं, त्यानं असेल.

१४ फेब्रुवारी
दिवसभर शेवटच्या प्रसंगावर काम. शत्रूचा म्हातारा राजा मुलाचं प्रेत मागायला एकटा वीराच्या तंबूत येतो. ज्यानं मुलाला मारलं त्याच्यापुढे गुडघे टेकतो. वीराला स्वतःचा बाप आठवतो. दोघं रडतात. सबंध काव्यात तो वीर खऱ्या अर्थानं बदलतो तो इथं. लिहिताना माझेच डोळे भरून आले, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.
नत्थूजी. एकटे. जिने चढून धापा टाकत होते. आत आले, बसले नाहीत. डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून माझ्या पायाशी ठेवली. म्हणाले, महादेवराव, पोरगी बराबर जेवून नाही राहिली. मागे कोण उभं राहीन, हेच विचारते. माह्याकडं नका पाहू, तिच्याकडं पाहा जी.
मी म्हणालो, भाऊजी, टोपी उचला बरं, हे काय. मी ऐन मोक्याच्या परिच्छेदात आहे. विचार करतो. व्याख्यान होऊ द्या, मग बोलू.
त्यांनी टोपी उचलली, झटकली, घातली आणि पाणीही न घेता गेले. लिहिणाऱ्या माणसाची लिंक तुटते, हे लोकांना कळत नाही. तरी परिच्छेद उत्तम झाला. नीला दारात उभी राहून सगळं पाहत होती. रात्री माझं ताट वाढून ती आत जाऊन झोपली. तिचं डोकं दुखत असणार.

१७ फेब्रुवारी
व्याख्यान यशस्वी. उपस्थिती मोजकी पण दर्दी. म्हाताऱ्या राजाचा प्रसंग मी डोळे पुसत सांगितला. टाळ्या पडल्या.
मागे बसलेल्या, वाचनालयाच्या जुन्या सभासद देवकीबाईंनी विचारलं, पहिले मनवायले आले तेव्हाच त्यानं हो म्हटलं असतं तर तो मित्र वाचला असता ना जी? मी म्हणालो, मग महाकाव्यच झालं नसतं. लोक हसले. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, नसतं झालं तर नसतं झालं.
नंतर चहा पिताना एकदम नत्थूजींची पाठ आठवली, वाकलेली. चहा कडू लागला. वाचनालयाचा चहा तसा वाईटच असतो.

१९ फेब्रुवारी
गुंजनचा फोन. तिचा होता म्हणून उचलला. म्हणाली, मामाजी, बाबा तुमच्याकडून आले तसे गप्पच आहेत. मी सांगितलं त्यायले, आता कोणाच्या पायाशी टोपी ठेवाची नाही. तुम्ही आले तर मले आनंद होईन. नाही आले तरी चालते.
पोरी चालते म्हणतात तेव्हा चालत नसतं, एवढं मला कळतं. पण हे तिसरं बोलावणं धरायचं कसं? बोलावणं घरी येऊन करायचं असतं, फोनवर नाही. म्हणून मी 'बघतो' म्हणालो. ती 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. हात दोनदा गेला होता.

२१ फेब्रुवारी
नीला बॅग घेऊन निघाली. म्हणाली, गाडीत जागा आहे, चला मुकाट्यानं. मी म्हणालो, उद्या ते गाडी पाठवतील, मामाला आणायला कोणीतरी येतंच. ती म्हणाली, काहून येतीन जी? तिला आमच्या घराण्याच्या रीती अजून नीट ठाऊक नाहीत.
कुर्त्याला इस्त्री केली.

२२ फेब्रुवारी, सकाळ
तयार आहे. मुहूर्त दुपारचा. गॅलरीत खुर्ची टाकून बसलोय, इथून फाटक दिसतं.
पांढरी गाडी आली होती. दुसऱ्या मजल्यावरच्यांची निघाली.
वॉचमनला सांगून ठेवलं, खापरखेड्याचं कोणी आलं तर थेट वर पाठव, नाव विचारत बसू नको.
कोराडी रोडला ट्रॅफिक असणार. लग्नाची तीथ आहे.
बीपीची गोळी घेतली. फाटकात कोणी नाही.
ऑटो बोलावला. मनवण्याचा प्रश्न वेगळा, आशीर्वाद द्यायला काय हरकत आहे.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
ऑटोवाल्याला पाच वेळा म्हटलं, हाण बाबा लवकर. पोचलो तेव्हा वाजंत्री वाजून थांबली होती. खाली अक्षता पडलेल्या. गुंजनच्या मागे मधुकरराव उभे होते, फेटा बांधून. डोळे पुसत होते. तो माणूस खरंच रडत होता.
नत्थूजी पुढे आले. मला वाटलं, आता म्हणतील, उशीर केला. बोलले असते तर बरं झालं असतं. ते हात जोडून म्हणाले, आपण आलात, फार चांगलं झालं, पंगत बसून राहिली, जेवून घ्या. एवढ्या वर्षांत ते मला 'आपण' कधी म्हणाले नव्हते.
पंगतीत टोकाला जागा मिळाली. वडाभात वाढणाऱ्या माणसानं विचारलं, कोणाकडचे जी तुम्ही? मी म्हणालो, नवरीचा मामा. तो म्हणाला, मामाजी तर तिकडं स्टेजवर आहेत, आणि पुढच्या पानाकडे गेला.
रडू फुटत होतं. पानावरचा सगळा भात खाली मान घालून संपवला.